झाडावरून पडलेल्या पोराच्या हाताची नस कशी तपासायची

मी रत्नागिरीत लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मे महिन्यात काजू-जांभळावर चढून पडलेली पोरं येऊ लागतात. कोपराच्या जरा वर हाड मोडतं, आणि हाताच्या तिन्ही मोठ्या नसा (रक्ताच्या नव्हेत, हालचाल आणि स्पर्श सांभाळणारे मज्जातंतू) तिथूनच जातात. "बोटं हलवतोय की!" म्हणत आईबाप निर्धास्त होतात. तेवढ्यावर विसंबू नका.

प्लास्टर घालण्याआधी, कोपर न हलवता, दगड-कागद-कात्री करून घ्या. मूठ वळली तर मीडियन नस चालतेय, पंजा उघडून मनगट वर आलं तर रेडियल, दोन बोटं फाकली तर अल्नर. मग अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल 'ओके' करायला सांगा. गोल न होता टोकं ताठ राहून चपटी चिमटी झाली, तर मीडियनची एक फांदी दुखावलीय. या फांदीमुळे कातडी बधिर होत नाही, म्हणून ती हमखास नजरेतून सुटते. जे जमलं नाही ते लिहून डॉक्टरांना दाखवा. दुखत असेल तर बळजबरी नको.

बोटं पांढरी-गार पडली, किंवा कुणी ती बोटं सरळ करताना पोर किंचाळलं, तर थेट हॉस्पिटल. आधी मालीशवाल्याकडे जाणं अजिबात नको.

कोयती किंवा विळीने कापलं असेल तर गोष्ट वेगळी: तुटलेली नस आपोआप जुळत नाही, शिवावीच लागते. चिमुरड्याला "बधिर वाटतं का?" विचारून काय कळणार? जखम भरलेली असेल तर बोटं अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. नस तुटलेल्या भागाला सुरकुत्या पडत नाहीत.

हाड मोडताना नुसती ताणलेली नस मात्र बहुधा काही महिन्यांत सुधारते. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत, हेच आपलं काम. लोंबणाऱ्या मनगटाला स्प्लिंट (आधाराची पट्टी), आणि दिवसातून चार-पाचदा बोटं, मनगट हळुवार पूर्ण फिरवणं. कोपर मात्र कधीही रेटू किंवा चोळू नका.

स्पर्श परतू लागला की परातीत तांदूळ घेऊन त्यात शिंपल्या, रातांब्याच्या बिया लपवा. आधी बघून, मग डोळे मिटून शोधायला लावा. गरम पेज आणि चूल यांपासून बधिर हात लांबच ठेवा, भाजलेलं त्याला कळत नाही.

तीन महिन्यांत, म्हणजे मेमध्ये पडलेल्या पोराला श्रावणापर्यंत, काहीच हालचाल दिसली नाही तर नसांच्या सर्जनकडे न्या. नस परतण्याची वाट स्नायू वर्ष-दीड वर्षाहून जास्त बघत नाहीत.