वयात आलेलं पोरगं बदललं? या चुका टाळा

सांगलीत शाळा-कॉलेजच्या मुलांचं समुपदेशन करते. घरचे येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मोबाईलनं डोकं फिरलंय त्याचं." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं.

नैराश्य आलं की माणूस गप्प होतो, रडतो, हे आपल्याला ठाऊक असतं. या वयात मात्र तेच नैराश्य कैकदा चिडचिडीतून बाहेर पडतं. ताट सरकवणं, बहिणीवर खेकसणं, दार आपटणं. घरात त्याला 'माज' म्हणतात.

तासगावकडचा अकरावी सायन्सचा एक मुलगा. तालमीला जायचं बंद झालं. सकाळी क्लासला निघताना पोटात कळ यायची. सोनोग्राफीत काही निघालं नाही, म्हणून घरच्यांनी ठरवलं की नाटकं करतोय. रात्री मोबाईल बघतो म्हणून वडिलांनी फोन आपटून फोडला. पोराला झोपच लागत नव्हती, हे कुणी विचारलंच नव्हतं. शाळेतल्या ज्या एका मित्राशी तो मनातलं बोलायचा, त्याच्याशी बोलणंही फोनबरोबर तुटलं. आधी त्याला लिहिलेले मेसेज त्या मित्राच्या आईनं येऊन दाखवले, तेव्हा कुठं घर हादरलं.

फोन हिसकावण्याआधी झोप, जेवण, खेळ आणि मित्र, एवढं बघा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगते. दोन आठवडे सलग बिघाड दिसला तर थांबू नका. 'बारावी होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांशी मी भांडते. जगायचं नाही असं पोर बोललं, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि समोर बसवून उलटतपासणी नको. गाडीवर मागं बसवून रानात न्या. नजरेला नजर नसली की पोरं बोलतात.

दुसरी चूक गोळ्यांची. याच मुलाला औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. महिन्याभरात तो हसायला लागला, आणि "सवय लागंल" म्हणून वडिलांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढं पुन्हा तीच पहाट, तीच पोटदुखी. नैराश्यावरच्या गोळीचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवावी लागते. या गोळ्यांची नशा होत नाही. पण अचानक तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता येते, म्हणून कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांची तगमग किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवा आणि लगेच कळवा. आठवड्यात फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी पोराचे हाल वाढवू नयेत. त्रास सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानंही भागतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मरणाबद्दल विचारलं तर डोक्यात ते खूळ शिरेल, ही भीती खोटी आहे. "जगू नये असं वाटतं का?" सरळ विचारा.

फवारणीचं औषध घरात, गोठ्यात उघडं ठेवू नका. कुलूप लावा, किल्ली मोठ्या माणसाकडं. द्राक्षपट्ट्यात हे मी प्रत्येक घराला सांगते.

नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, मुलींचं तर नक्कीच.

देवऋष्याकडं महिने घालवू नका. जत्रेला, देवाला खुशाल जा, पण उपचार चालू ठेवून.

डॉक्टरांपुढं सगळं आईवडीलच बोलतात. अर्धा वेळ मुलाला एकट्याला द्या.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. अडनिड्या वेळी १४४१६ लावा. २०२२ पासून ही सरकारी टेलिमानस सेवा चालू आहे, फुकट आहे आणि चोवीस तास मराठीतही बोलता येतं. हा नंबर पोराच्या फोनमध्येही घालून ठेवा.