हार्ड डिस्क बसली तर फोटो आणि टॅलीच्या हिशेबाचा डेटा कसा काढायचा

डिस्क दगा देतेय असं वाटलं की आधी कॉम्प्युटर बंद करा. विंडोजने ‘फॉरमॅट करायची का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं. विंडोजच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या ‘चेक डिस्क’ला तर हातच लावू नका. ते तुमच्या फाइल वाचवायला बनवलेलं नाही. फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदींचा, हिशेब जुळवताना ते न जुळणाऱ्या नोंदी छाटून टाकतं, तेही त्याच आजारी डिस्कवर लिहून.

मग काही क्षण चालू करून आवाज ऐका. टक-टक होऊन डिस्क थांबत असेल किंवा खरवडल्यासारखं ऐकू येत असेल तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा हेड (डेटा वाचणारं टोक) गेलेलं असतं आणि फिरत्या प्लेटरवर (डेटा असलेल्या तबकडीवर) चरे पडत जातात. हे घरी होणारं काम नाही. हेड प्लेटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, त्यापुढे धुळीचा कणही डोंगर. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय विसरा, आत दव धरतं. आवाजच येत नसेल तर आधी केबल आणि अ‍ॅडॉप्टर बदलून पाहा: ३.५ इंची डिस्कला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात, लॅपटॉपच्या २.५ इंचीला ५ पुरतात. त्याच मॉडेलचं दुसरं सर्किट बोर्ड लावून डिस्क चालेल ही आशा मात्र धरू नका. प्रत्येक डिस्कचं स्वतःचं जुळणीचं गणित बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असतं, ती चिपही हलवावी लागते.

डिस्क नीट फिरतेय, साइज बरोबर दिसतेय, पण फोल्डर उघडताना अडकतेय? मग घरी प्रयत्न करण्यासारखा आहे. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचले जात नाहीयेत. अशा डिस्कवरून फाइल ओढून कॉपी करत बसू नका आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट तिच्यावर चालवू नका. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्या, पुढचं सगळं त्या इमेजवर.

त्यासाठी उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (विंडोजऐवजी ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो) आणि इमेज घेणारं जीएनयू डीडीरेस्क्यू. इमेज ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी आणि एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कमांडमध्ये क्रम असा: आधी आजारी डिस्क, मग इमेज, मग मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद). इथे उलटापालट झाली तर सगळं संपलं, म्हणून एंटर मारण्यापूर्वी साइज आणि मॉडेल पाहून कुठली डिस्क कोणती हे दोनदा तपासा. पहिली फेरी खराब भागात रेंगाळायचं नाही अशा पर्यायाने, म्हणजे चांगला भाग आधी पदरात पडतो. उरलेल्यासाठी दुसरी फेरी, तीन प्रयत्नांची.

मॅप फाइल लाइव्ह पेनड्राइव्हवर ठेवू नका, रीस्टार्ट झालं की जाते. ती इमेजशेजारी असेल तर वळिवाच्या पावसात लाईट गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं. तरी यूपीएस असलेला बरा. चांगली १ टीबी डिस्क साधारण तीन तास घेते, खराब असेल तर दिवससुद्धा जातात. डिस्क तापू नये म्हणून समोर टेबल फॅन लावा.

इमेज झाली की टेस्टडिस्क या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल नावासकट मिळतात का बघा. फोटोरेक हे दुसरं सॉफ्टवेअर शेवटी, कारण त्यात नावं आणि फोल्डर जातात. लग्नाचे फोटो त्याने छान परत येतात, पण टॅलीचा कंपनी फोल्डर म्हणजे ठरावीक नावांच्या फाइलींचा संच. नावंच गेली तर टॅली तो उघडत नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीला हे महागात पडतं.

एसएसडीचं (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचं) गणित वेगळं. पुसलेल्या फाइल ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा साफ करणाऱ्या सोयीमुळे, बहुधा कायमच्या जातात.

सांगलीत पुरात भिजलेल्या डिस्कबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत जातं. ती उन्हात, ड्रायरने किंवा तांदळात वाळवू नका, गाळ प्लेटरवर सुकून घट्ट बसतो. तिला वीज तर जोडायचीच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला आणि लवकरात लवकर क्लीनरूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या लॅबला द्या. देण्यापूर्वी विचारा: डिस्क तुम्हीच उघडता की पुढे पाठवता? डेटा मिळाला नाही तरी पैसे लागतील का? मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवाल का? उत्तरं लेखी घ्या. आणि टेबलावर, पंख्याखाली डिस्क उघडून ‘बघतो’ म्हणणाऱ्या दुकानातून ती तशीच परत आणा.