असेंब्लीत स्ट्रक्चर घ्यायच्या आधीची तयारी

फंक्शन असेंब्लीत लिहायचंय, कॉल सी-मधून येणार आणि आर्ग्युमेंट म्हणून पॉइंटर नव्हे, अख्खं स्ट्रक्चर (अनेक फील्डांचा एकत्र गठ्ठा) येणार. अशा वेळी एडिटर उघडण्याआधी कोड कुठे चालणार ते पक्कं करा. '६४ बिट इंटेल' एवढं उत्तर पुरत नाही. लिनक्स ‘सिस्टिम व्ही एबीआय’ (फंक्शनांनी एकमेकांना मूल्यं कशी द्यायची याचे नियम) पाळतं, विंडोजचे नियम वेगळे, आणि दोन्हींचं रजिस्टरवाटप, म्हणजे कोणतं मूल्य प्रोसेसरमधल्या कोणत्या छोट्या जागेत जातं ते, एकमेकांशी जुळत नाही.

मग कागद घ्या. खरंच कागद. स्ट्रक्चरमधले बाइट अलाइनमेंटच्या (प्रत्येक फील्ड ठराविक पटीच्या पत्त्यावर बसवण्याच्या) रिकाम्या जागांसकट मांडा आणि दर आठ बाइटांनंतर रेघ मारा. लिनक्सवर कंपायलर फील्ड मोजत नाही, हे आठ-आठ बाइटांचे तुकडे मोजतो. मी एकदा दोन इंटचं स्ट्रक्चर घेताना दुसरा इंट आर्ग्युमेंटांच्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये, आरएसआयमध्ये, शोधत अर्धा दिवस घालवला. तो पहिल्या रजिस्टरच्या, आरडीआयच्याच, वरच्या ३२ बिटांत निवांत बसला होता. तीन इंट असतील तर तिसरा आरएसआयच्या खालच्या अर्ध्यात येतो. वरच्या अर्ध्यात काय असेल याची हमी कोणी देत नाही, तेव्हा तिथे शून्य आहे असं धरून चालू नका.

आता प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारा. तुकड्यात फक्त फ्लोट किंवा डबल असेल तर तो एक्सएमएम रजिस्टरमध्ये (अपूर्णांकांसाठीच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये) जातो. एक जरी इंट किंवा पॉइंटर शिरला तर अख्खा तुकडा साध्या रजिस्टरमध्ये. म्हणून डबल आणि इंट अशी जोडी एक्सएमएम० आणि आरडीआय अशी विभागली जाते, पण फ्लोट आणि इंट एकाच तुकड्यात मावत असल्याने दोघेही आरडीआयमध्ये. एकूण आकार १६ बाइटांच्या पुढे गेला की साध्या फील्डांचं स्ट्रक्चर सरळ स्टॅकवर, म्हणजे मेमरीत. पॅक्ड (रिकाम्या जागा काढून टाकलेल्या) स्ट्रक्चरमध्ये एखादं फील्ड अलाइनमेंट सोडून बसलं असेल तर आकार लहान असला तरी तेच.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. आधीच्या आर्ग्युमेंटांनी किती रजिस्टर खाल्ली ते मोजा. साधी सहाच आहेत: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. पाच भरली आणि पुढे दोन लाँगचं स्ट्रक्चर आलं, तर अर्धं आर९मध्ये आणि अर्धं स्टॅकवर असं होत नाही, ते सगळंच स्टॅकवर जातं. गंमत पुढे आहे: त्यानंतर साधा इंट आला तर तो मोकळ्या राहिलेल्या आर९मध्ये बसतो. क्रम मोडल्यासारखा दिसतो, पण नियम तसाच आहे.

फंक्शन स्ट्रक्चर परतही देणार असेल तर तेही आत्ताच बघा. ते १६ बाइटांहून मोठं असेल तर निकाल ठेवायचा पत्ता कॉलर (कॉल करणारं फंक्शन) गुपचूप आरडीआयमध्ये पाठवतो, तुमचं पहिलं आर्ग्युमेंट आरएसआयवर सरकतं आणि परतताना तोच पत्ता आरएएक्समध्ये द्यावा लागतो.

विंडोजसाठी काम कमी. आकार नेमका १, २, ४ किंवा ८ बाइट असेल तर स्ट्रक्चर पूर्णांकासारखं जातं, आत दोन फ्लोट असले तरी. बाकी सगळ्यांची प्रत कॉलर बनवतो आणि तिचा पत्ता देतो. ६४ बिट एआरएमवर एकाच प्रकारच्या चारपर्यंत फ्लोट किंवा डबलना खास वागणूक मिळते: चार डबल म्हणजे ३२ बाइट झाले तरी ते डी० ते डी३ या तिथल्या अपूर्णांकांच्या रजिस्टरांमध्ये येतात. तेच स्ट्रक्चर लिनक्सच्या इंटेल मशीनवर स्टॅकवर असतं.

कॉल सी प्लस प्लसमधून येणार असेल तर क्लासला स्वतःचा डिस्ट्रक्टर किंवा कॉपी कन्स्ट्रक्टर आहे का ते विचारून घ्या. असेल तर लिनक्सवर वस्तू ८ बाइटांची असली तरी हातात पत्ताच येतो. युनिक पॉइंटर (आपली मेमरी स्वतः मोकळी करणारा, म्हणून डिस्ट्रक्टर असलेला पॉइंटर) साध्या पॉइंटरइतकाच स्वस्त पडतो असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला मला आवडतं.

शेवटी पडताळणी. तेच फंक्शन सी-मध्ये दोन ओळींत लिहा, ‘-ओ१ -एस’ (ओ आणि एस दोन्ही कॅपिटल) देऊन जीसीसी किंवा क्लँगकडून असेंब्ली काढा आणि कागदाशी ताडून बघा. चाचणीसाठी फील्डांत १ आणि २ भरू नका. हेक्समध्ये एकात ११११११११, दुसऱ्यात २२२२२२२२ असं भरा, म्हणजे डीबगरमध्ये रजिस्टर उघडताच कोणता अर्धा भाग कुणाचा ते दिसेल.