दिवाळीची साफसफाई आणि शिंका : धूळ काढताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी माळा रिकामा होतो, पंखे पुसले जातात, गाद्या गच्चीवर जातात. आणि त्याच आठवड्यात घरात कुणाला तरी शिंकांचा सपाटा लागतो, नाहीतर रात्री दम लागतो. आमच्याकडे ही पाळी दरवर्षी आईवर यायची. सफाईनंतर त्रास कमी व्हायला हवा. तो वाढतो, कारण आपण धूळ काढत नाही, उडवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरडा झाडू आणि फडक्याने झटकणं. कवडशात तरंगताना दिसतात ते बहुतेक जाडे कण. त्यातले बरेचसे नाकात अडकतात किंवा थोड्या वेळात खाली बसतात. 2.5 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मात्र तासन्‌तास हवेत राहतात आणि फुप्फुसात खोलवर पोचतात. म्हणून फडकं ओलं करा, घट्ट पिळा आणि धूळ टिपून घ्या. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवा, दोन्ही बाजूंनी दाबून ओढा; पातं लख्ख होतं आणि धूळ अभ्र्यातच राहते. वरून खाली या, फरशी शेवटी. आणि झाडून झाल्या झाल्या पंखा लावू नका!

दुसरी चूक गादीची. गादीत, उशीत माइट नावाचे सूक्ष्म जीव असतात, जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचं खाणं. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. म्हणून मुंबई-कोकणातला पावसाळा त्यांना मानवतो. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. कडक उन्हात माइट मरतात, पण विष्ठा गादीतच राहते. तेव्हा गादी नुसती वाळवू नका, बाहेर नेऊन बडवा, तोंडाला मास्क लावून. चादरी, अभ्रे, रजईची खोळ आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

बंद खोलीत अगरबत्ती किंवा डासांची कॉइल लावली तर पुसलेल्या घरात पुन्हा बारीक कण भरतात. जुन्या भिंतीचा रंग कोरडा खरवडू नका. त्यात शिसं असू शकतं आणि रांगत्या बाळाचे हात थेट तोंडात जातात.

त्रास कधी होतो याकडे लक्ष द्या. उठल्या उठल्या शिंका येत असतील तर आधी अंथरूण बघा. केर काढल्यावर खोकला येत असेल तर झाडू. पावसाळ्यात वाढत असेल तर भिंतींची ओल. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. दमेकऱ्याने इनहेलर सफाईच्या दिवशी हाताशी ठेवावा आणि फडकं दुसऱ्याच्या हाती द्यावं.

आईला आता आम्ही त्या दिवशी मावशीकडे पाठवतो. ती परत यायच्या आधी दोन तास खिडक्या सताड उघड्या असतात.