चित्रातल्या कपड्यांवरून युरोपातला काळ कसा ओळखायचा

मी नाटकांचे कपडे शिवते, त्यामुळे एकांकिकांचा हंगाम जवळ आला की माझ्या फोनवर चित्रांचा पाऊस पडतो. खाली एकच ओळ असते, ‘ताई, असं व्हिक्टोरियन पाहिजे.’ आणि चित्रात असते थेट छातीखाली नाडी बांधलेल्या, पांढऱ्या मलमलीच्या पायघोळ झग्यातली बाई, म्हणजे १८०५च्या आसपासची. राणी व्हिक्टोरियाचा जन्मच मुळी १८१९चा. पुढे तिनं १८३७ ते १९०१ राज्य केलं आणि तेवढ्या काळात बायकांच्या कपड्यांची ठेवण निदान पाच वेळा पार बदलली. तेव्हा ‘व्हिक्टोरियन’ एवढ्यावर मला कापड बेतता येत नाही. दशक सांगा, कात्री घेते. ते दशक चित्र बघून तुमचं तुम्हाला कसं काढता येईल, ते लिहिते.

पहिलं काम म्हणजे डोळे किलकिले करा. लेस, मोती, भरतकाम, बटणं सगळं धूसर होऊ द्या आणि फक्त माणसाचा बाहेरचा आकार बघा. सजावटीवर विसंबायचं नाही, कारण ती पुन्हा पुन्हा येते. चांगली लेस महाग असायची, ती एका कपड्यावरून उसवून दुसऱ्याला लावली जायची, आईची मुलीकडे यायची. आकाराचं तसं नाही. आकार आतल्या गोष्टींवर ठरतो, म्हणजे कॉर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी), कड्या, गाद्या, परकर यांवर, आणि आतलं बदललं की वरचं सगळं बदलावंच लागतं. मनाशी विचारायचं, कंबर कुठे बसली आहे? सगळ्यात जास्त फुगा कुठे आहे, खांद्याला, दंडाला, बाजूला की मागे? आणि गळ्याभोवती काय आहे?

चित्र छातीपर्यंतच असेल तर गळ्यापासूनच सुरुवात करा. १५३०-४०च्या दशकांत बायकांचा गळा चौकोनी आणि रुंद. ब्रॉन्झिनोनं १५४५च्या सुमारास रंगवलेली टोलेडोची एलिओनोरा फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. चौकोनी गळा, खांद्यावर मोत्यांची जाळी, भारी नक्षीचं रेशीम, आणि रफचा, म्हणजे गळ्याभोवतीच्या चुणीदार कॉलरीचा, पत्ता नाही. त्याच काळातले पुरुष आडवे पसरलेले दिसतात. हॉल्बाइननं रंगवलेला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री डोळ्यांपुढे आणा, खांदे दारात अडकतील असे. पुढे अंगातल्या सदऱ्याच्या गळ्याला जी बारीक चुणी असायची, ती हळूहळू डोकं वर काढते, मोठी होते, आणि १५६०च्या दशकापर्यंत सदऱ्यापासून सुटून वेगळी वस्तू होते. हाच रफ.

रफ वाढला तो खळीच्या जोरावर. डिंगेन वान डेर प्लास नावाची एक फ्लेमिश बाई १५६४ साली लंडनला आली आणि कापडाला खळ कशी करायची हे शिकवायचे चार-पाच पौंड घेऊ लागली. त्या काळी ही रक्कम किरकोळ नव्हती, पण शिकायला बड्या घरच्या बायका येत. मग चुण्या घालायच्या तापवलेल्या लोखंडी कांड्या आल्या, आणि १५८०-९०च्या दशकांत रफ इतका रुंद झाला की त्याला खालून तारेचा आधार द्यावा लागे. पाऊस आला की सगळा डोलारा खांद्यावर लोळायचा, यावरून तेव्हाचे लोकही थट्टा करत. ज्यांनी कडक खळीची साडी नेसून पावसात रिक्षा शोधली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तर, लहान चुणी म्हणजे १५५०चं दशक, हनुवटीपर्यंत चढलेली म्हणजे १५६०-७०, खांद्यांपर्यंत पसरलेलं चाक म्हणजे १५८०च्या पुढचं.

१६००नंतर मात्र देश विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्पेनच्या चौथ्या फिलिपनं १६२३ साली रफवर बंदी घातली, आणि तिकडे पुरुषांच्या गळ्यात पुठ्ठ्यासारखी ताठ, साधी कॉलर आली. उलट हॉलंडमधले सावकार आणि त्यांच्या बायका भलेमोठे रफ पुढेही कौतुकानं मिरवत राहिले. रेम्ब्राँनं १६३२ साली डॉक्टर टुल्पची शवविच्छेदनाची तासिका रंगवली, त्यात रफही आहे आणि खांद्यावर पडलेली सपाट कॉलरही. एकाच खोलीत, एकाच दिवशी, दोन पिढ्यांची फॅशन. त्याच रेम्ब्राँच्या १६६२च्या चित्रात कापडाच्या दर्जाची तपासणी करणारे अधिकारी बसले आहेत, त्या सगळ्यांच्या गळ्यात साध्या सपाट पांढऱ्या कॉलरी. पुढे लांब कापड गुंडाळायची पद्धत आली आणि तिथून गळा फारसं बोलत नाही. आता नजर खाली न्या.

अठराव्या शतकात घेर बाजूंना जातो. पुढून-मागून चपटा, दोन्ही कुल्ल्यांवर आडवा पसरलेला. हा साधारण १७२० ते १७८०चा काळ. आतमध्ये वेताच्या नाहीतर देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या कड्या असत. इथे एक गोंधळ हमखास होतो. स्पेनचा चित्रकार वेलास्केस याच्या ‘लास मेनिनास’मधली छोटी राजकन्या मार्गारीटाही अशीच आडवी पसरलेली दिसते, पण ते चित्र १६५६चं. मग बाही बघा. स्पेनमधली बाही मनगटापर्यंत जाते. अठराव्या शतकातली कोपरापाशी थांबते आणि तिथून लेसच्या झालरी खाली पडतात. कोपराला झालर दिसली की मी पुढचा विचारच करत नाही, अठरावं शतक म्हणून मोकळी होते.

मग १७८३ साली पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, एलिझाबेथ विजे ल ब्रूननं मारी आंत्वानेतचं चित्र लावलं. राणी साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात, डोक्यावर गवताची टोपी. राणीला अंतर्वस्त्रात रंगवलं म्हणून एवढा गहजब झाला की ते चित्र उतरवून रेशमी कपड्यातलं दुसरं लावावं लागलं. पण मलमल काही मागे गेली नाही. १७९५पासून सुमारे १८२०पर्यंत फॅशनच्या युरोपात कंबर छातीखाली चढून बसलेली आणि खाली सरळ पडणारं पांढरं कापड दिसतं. त्यातली नावाजलेली तलम मलमल बंगालची. तुम्ही मला ‘व्हिक्टोरियन’ म्हणून पाठवता ते बहुतेक वेळा हेच असतं.

कंबर १८२५च्या सुमारास जागेवर येते आणि फुगा दंडावर जातो. १८३०च्या आसपासच्या बाह्या एवढ्या मोठ्या की आत भरणी घालावी लागे. १८३६ला हा फुगा बसतो. १८४०चं दशक खांदे उतरलेलं, बाह्या घट्ट, कंबरेला पुढे टोक, एकूण मरगळलेलं. मला ते शिवायला कंटाळा येतो. मग १८५६, पोलादी कड्यांचा क्रिनोलिन पिंजरा. आधी पाच-सहा परकर एकावर एक घालून जो घेर यायचा, तो आता एका हलक्या पिंजऱ्यात येऊ लागला. त्यामुळे बायकांचे पाय मोकळे झाले, हे लोक विसरतात आणि पिंजऱ्याला नुसत्या शिव्या देतात. घेर चारी बाजूंनी सारखा गोल असेल तर १८५६ ते ६२. पुढची बाजू सपाट होऊन सगळं मागे ढळू लागलं असेल तर १८६५च्या पुढे.

यापुढचं सगळं नाट्य पाठीमागे घडतं. १८७०-७५मध्ये मागे बसल नावाची गादी, तिच्यावरून कापड मऊ, भरपूर चुण्यांनी ओघळतं. १८७६ ते ८२ ही गादी नाहीशी होते. कपडा गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटतो आणि खाली शेपटासारखा लोळतो. १८८३ला गादी परत येते ती आधीपेक्षा ताठ होऊन, कमरेखाली काटकोनात बाहेर निघालेली, वर कपबशी ठेवता येईल अशी. जॉर्ज सरा या चित्रकारानं १८८४ ते ८६मध्ये रंगवलेल्या ‘ग्रांद जात बेटावरचा रविवार’ या चित्रात उजवीकडे उभी असलेली बाई बघा, हीच गादी. १८९०ला ती गेली आणि फुगा पुन्हा दंडावर.

आता सगळे फसतात ती जागा. १८३०ची फुगीर बाही आणि १८९५ची फुगीर बाही. पहिलीचा फुगा खांद्याच्या खाली, दंडापासून सुरू होतो, खांदा स्वतः घसरलेला असतो, आणि बाहेरचा परकर घोट्याच्या वर संपतो. दुसरीचा फुगा खांद्यापासून वर उठतो, गळा हनुवटीपर्यंत बंद असतो, आणि परकर कळ्यांचा असल्यामुळे कुल्ल्यांवर एकही चुणी दिसत नाही. चुणी शोधा, बाहीपेक्षा ती खरं बोलते.

विसावं शतक सोपं. छाती पुढे आणि पाठीची कमान मागे, असा वळणदार आकार १९००-०८चा. मग पॉल प्वारे या फ्रेंच फॅशन डिझायनरनं कॉर्सेट उतरवला, कंबर पुन्हा वर गेली. १९२०च्या दशकात ती कुल्ल्यांवर उतरली, १९२६-२७ला कपड्याची किनार गुडघ्याला आली. १९३०च्या दशकात उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं कापड अंगावरून वाहू लागलं, आणि १२ फेब्रुवारी १९४७ला डिऑरनं बारीक कंबर नि प्रचंड घेर परत आणला.

पुरुषांसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा, वेस्कोटाची, म्हणजे कोटाच्या आत घालायच्या जाकिटाची, लांबी. ऑक्टोबर १६६६मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं दरबारात वेस्ट घालायला सुरुवात केली, आणि आजच्या थ्री-पीस सुटाची वंशावळ तिथपर्यंत जाते. तेव्हा वेस्कोट जवळजवळ गुडघ्यापर्यंत होतं. पुढची शंभरेक वर्षं ते आखडत गेलं, १७८०च्या दशकात कमरेपाशी आलं. त्याबरोबर कोटाच्या पुढच्या कडाही मागे वळत गेल्या. खांद्यांखाली लोळणारा विग म्हणजे चौदाव्या लुईच्या काळचा, मागे बांधलेली छोटी शेपटी त्यानंतरची. १७९५ला इंग्लंडनं केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर लावला आणि लोकांनी पावडर सोडली. गुडघ्याखाली मोजे दिसले तर साधारण १८००च्या आधीचं, पूर्ण विजार दिसली तर नंतरचं. १८५०नंतर सगळे काळ्या सुटात, तिथे मी मिश्या आणि टाय बघते.

एवढं करून तारीख काढलीत, तरी खालच्या शंका घेतल्याशिवाय शिवायला देऊ नका. चित्रातला माणूस म्हातारा आहे का? म्हातारी माणसं तरुणपणीची फॅशन धरून बसतात, तेव्हा त्यांच्यावरून काळ काढू नका, शेजारच्या तरुणीवरून काढा. मूल आहे का? सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलग्यांनाही झगेच घालत. वेलास्केसनं १६५९ला रंगवलेला राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो लोक राजकन्याच समजतात. दरबार आहे का? इंग्लंडच्या दरबारात छातीखालच्या कंबरेवर कड्यांचा घेर घालायची सक्ती होती. ते विचित्र ध्यान १८२०ला चौथ्या जॉर्जनं बंद करेपर्यंत चाललं. आणि शेवटची शंका, चित्रातला माणूस सोंग तर करत नाही? रेम्ब्राँनं १६४०मध्ये स्वतःला शंभर वर्षांपूर्वीच्या कपड्यांत रंगवलं. गेन्सबरोचा निळ्या कपड्यातला मुलगा १७७०च्या सुमाराचा, पण कपडे १६३०च्या दशकाचे. अशा वेळी केसांकडे जा. सोंग घेतलं तरी केस बहुधा आपल्याच काळाचे राहतात.

सरावाला परदेशी जायला नको. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची आणि न्यूयॉर्कच्या मेटची (मेट्रोपॉलिटन म्युझियमची) चित्रं फुकट, मोठ्या आकारात बघता येतात. तारीख हातानं झाका, अंदाज लिहा, मग उघडा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. आणि जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची रांगच लागलेली आहे. ही चित्रमालिका १५४७मध्ये जुआंव द कास्त्रोनं सुरू करवली. चाल सोळाव्या शतकापासून आहे, त्यामुळे गळे आणि कोट ओळीनं बदलताना दिसतात. मात्र ही चित्रं पुढे वेळोवेळी पुन्हा रंगवली गेली आहेत. तेव्हा तिथे आकार बघा, बारकाव्यांवर पैज लावू नका.

उत्तर लिहिताना एक वर्ष लिहायचं नाही. ‘१८६५ ते ६८, पॅरिस, मध्यमवर्ग, बाई तिशीची’ असं लिहायचं. शहर आणि ऐपत नसेल तर दशक अर्धंच कामाचं, कारण पॅरिसची बाई १८६८ला जे घालते ते गावातल्या शाळामास्तरच्या बायकोला मिळायला तीन-चार वर्षं जातात. मला चित्र पाठवताना हे चार शब्द खाली लिहा, आणि त्याच काळातलं एक पाठमोरं चित्र सोबत जोडा. १८७०च्या पुढचं नाटक असेल तर पाठमोऱ्या चित्राशिवाय मी माप घ्यायला येत नाही, हे दिग्दर्शकांना आधीच सांगून ठेवते.