जुनं हत्यार घासण्याआधी नीट बघा

वाडा उतरवला की सागवानाला लगेच गिऱ्हाईक मिळतं, माळ्यावरची हत्यारं मात्र किलोच्या भावाने भंगारात जातात. नाशिकला हे सतत बघते आणि सुताराच्या घरातली असल्यामुळे मला ते सहन होत नाही. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे गंजका रंधा, करवत दिसली तर जरूर घ्या. फक्त घरी आणून तिला ग्राइंडरचा तारेचा ब्रश लावू नका. हत्याराने कोणतं काम केलं हे झिजेवरून आणि ठशांवरून कळतं, आणि ब्रश आधी तेच खातो.

करवतीचे दात बघा. मुठीकडे झुकलेले असतील तर ती ओढून कापणारी, आपल्याकडची जुनी. सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून ती स्वतःकडे ओढायचा. दात टोकाकडे असतील तर ती विलायती घडणीची, ढकलून कापणारी.

चपटं, भाल्याच्या टोकासारखं पातं मिळालं तर ते बहुधा सामत्याचं, म्हणजे लाकडाला भोक पाडायच्या हत्याराचं. धनुष्याच्या दोरीने सामता उलटसुलट फिरतो, म्हणून पात्याला दोन्हीकडून धार असते. ती तशीच राखा.

रंध्याला जास्त वेळ द्या. लाकडी रंध्याची पाचर पक्कडीने उपटू नका. पातं हाताने धरून रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरीने टोले द्या, पाचर ढिली होते. मग पात्याचा उतार तिरप्या उजेडात बघा. एक रेघ दिसली तर मऊ लोखंडावर पोलाद जोडलेलं आहे. पोलाद महाग, म्हणून ते धारेपुरतंच लावत. ही पट्टी किती उरली त्यावर पात्याचं आयुष्य. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या पात्यावर 'कास्ट स्टील' असा ठसा असेल तर ते मुशीत वितळवलेलं पोलाद. ही रीत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसवली. स्टॅनली या अमेरिकन कंपनीच्या लोखंडी रंध्यात पात्याच्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा असतात. त्यात १९१० ची तारीख असेल तर तो रंधा त्याआधीचा नाही.

गंजाला रात्रभर डिझेल, मग बारीक स्टीलवूल. ठशावर नुसतं फडकं. धार दगडावरच लावा. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, धार टिकत नाही. लाकडाला जवसाचं तेल पातळ चोळा, पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटू शकतात, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

तांबट आळीतल्या घरातून मठाराची, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर ठोके उमटवायची, हातोडी मिळाली तर तिच्या तोंडाला जपा. तोंडावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो, म्हणून तांबट ते आरशासारखं ठेवत. बारीक पॉलिश पेपरने हळू घासा, तेलाचा हात द्या, कापडात गुंडाळा. तिने खिळे ठोकू नका.