एचआरव्ही रात्रीही चालूच ठेवा

जांभ्याच्या कौलारू घराला एचआरव्ही हे हवा बदलणारं यंत्र नकोच, तिथे फटींतून हवा आपोआप खेळते. बेळगावात टिळकवाडी-अनगोळकडच्या नव्या फ्लॅटचं तसं नाही. रबरी पट्टीच्या यूपीव्हीसी खिडक्या पावसाळाभर लावलेल्या, आत स्वयंपाक आणि दोरीवर ओले कपडे. तिथे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन, म्हणजेच एचआरव्ही, कामाला येतं: ते वापरलेली हवा बाहेर टाकतं, ताजी आत घेतं आणि दोन्हींत उष्णतेची अदलाबदल करतं. फक्त ते अखंड चालायला हवं.

हजार चौरस फुटांचं, दहा फूट उंचीचं घर म्हणजे साधारण २८३ घनमीटर हवा. तासाला त्यातली एक-तृतीयांश बदलली की पुरे, म्हणजे सुमारे ९५ घनमीटर. एवढ्या कामाला ४० वॉट धरले तर दिवसाला जेमतेम एक युनिट पडतं. बिल वाचवायला रात्री बंद करणं म्हणजे दार लावून झोपल्यावर हवा कोंडून घेणं. आवाज खुपत असेल तर वेग उतरवा, पाइपात सायलेन्सर बसवा. लाइन इन्व्हर्टरवर घ्या, आणि करंट परत आल्यावर यंत्र आपणहून सुरू होतं का ते एकदा बघा.

ताजी हवा बेडरूम-हॉलमध्ये सोडायची, वापरलेली बाथरूम-स्वयंपाकघरातून ओढायची. दोन्हीकडचा प्रवाह सारखा हवा. तो बसवणाऱ्याकडून मीटरने मोजून घ्या, हात लावून कळत नाही. आतल्या दारांखाली एक सेंटिमीटर फट ठेवा. चिमणीचा पाइप याला कधीही जोडू नका, तेलकट थर आत चिकटतो. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी, नाहीतर ती घरभरची हवा खेचते आणि बाथरूममधल्या गॅस गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, माणूस दगावतो. एचआरव्ही असो-नसो, गॅस गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेतच हवा.

आता पावसाळा. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा घरात २५ अंशांवर आली तरी आर्द्रता ७९ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे यंत्र घरात तयार झालेला ओलावा काढतं, खानापूरच्या पावसाचा नाही. धुण्याच्या एका खेपेत दोन-तीन लिटर पाणी असतं. त्या खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, लावा. एसी वापरत असाल तर ओलावाही अदलाबदल करणारं ईआरव्ही घ्या. थंड देशांसाठी बनवलेल्या काही यंत्रांत निचऱ्याची नळी फक्त बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूला असते. आपल्याकडे एसी चालू असताना पाणी आत येणाऱ्या बाजूला साचतं आणि तिथे बुरशी धरते. घेण्यापूर्वी हे विचाराच. खरं सांगायचं तर इथल्या सौम्य थंडीत उष्णता फारशी वाचत नाही; फायदा गाळलेल्या हवेचा.

फिल्टर महिन्याला काढून पाहा. चिकोडी-अथणीकडे पाचट जाळण्याच्या दिवसांत, निपाणीत तंबाखूच्या गोदामांजवळ, पंधरवड्यालाच. जाळीचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. फिल्टर तुंबला की प्रवाह एका बाजूने घटतो आणि मोजून जमवलेला तोल बिघडतो.

एप्रिल-मेमध्ये हवेतून गटाराचा वास आला तर निचऱ्याच्या नळीचा ट्रॅप, म्हणजे पाणी साचून वास अडवणारा बाक, सुकला असेल. त्यात तांब्याभर पाणी ओता.